जुन्या मोटारीच्या इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड : रायगड किनाऱ्यावरील रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्तीसाठी उघडले की ‘मोठा कॅम’ बसवून शक्ती वाढवावी, असा सल्ला मालकाला हमखास मिळतो. कॅमशाफ्टमुळे इंजिनाची शक्ती सर्व वेगांवर सारखी वाढत नाही. एका वेगावर मिळणाऱ्या वाढीची किंमत दुसऱ्या वेगावर मोजावी लागते, हे प्रस्तुत लेखात साध्या गणिताने स्पष्ट केले आहे. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आणि अलिबाग-मुरूड परिसरातील रस्ते यांचा उदाहरणादाखल विचार केला आहे.

बीजशब्द : कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह टायमिंग, ओव्हरलॅप, टॉर्क, कॉन्टेसा, रायगड किनारा.

१. प्रस्तावना

‘मसल कार’ ही संज्ञा मूळची अमेरिकेतील. मध्यम आकाराच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे व्ही-८ इंजिन बसवण्याची प्रथा तेथे १९६४ च्या पाँटियॅक जीटीओपासून रूढ झाली. त्या इंजिनाची क्षमता सुमारे ६.४ लिटर होती. आपल्याकडे हे बिरुद हौशी मंडळींनी कॉन्टेसाला दिले. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९८४ पासून तयार होऊ लागलेल्या या गाडीचा बांधा ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या मोटारीवरून घेतलेला होता. लांब बॉनेट आणि रुंद ठेवण यांमुळे ती रस्त्यावर भारदस्त दिसे. परंतु सुरुवातीच्या गाड्यांत ॲम्बॅसॅडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि २००२ मध्ये उत्पादन थांबले. रूप मसल कारचे आणि बळ ॲम्बॅसॅडरचे, ही विसंगती जुन्या कॉन्टेसाच्या मालकाला नेहमीच बोचत आली आहे.

प्रस्तुत लेखकाचे मामा अशाच एका मालकांपैकी. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीचे इंजिन उघडले, तेव्हा कारागिराच्या आग्रहावरून त्यांनी तीव्र घडणीचा कॅमशाफ्ट बसवून घेतला. मोकळ्या महामार्गावर गाडी खरोखरच पळू लागली. मात्र पोयनाडहून अलिबागकडे येताना कार्ले खिंडीच्या चढावर, पुढे एस.टी. असली की, ती गचके देई आणि कधी बंदही पडे. शक्ती वाढवण्यासाठी केलेल्या खर्चाने गाडी दुबळी का व्हावी, या मामांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रस्तुत विवेचन आकाराला आले.

२. कॅमशाफ्टचे कार्य

चार फेऱ्यांच्या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारा आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह प्रत्येक सिलिंडरला असतात. त्यांची उघडझाप कॅमशाफ्टवरील अंडाकृती उंचवटे, म्हणजे लोब, करतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. जुन्या कॉन्टेसाच्या इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असून टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते.

कॅमशाफ्टचे वर्णन मुख्यतः तीन राशींनी केले जाते. व्हॉल्व्ह किती उंच उचलला जातो, ती ‘लिफ्ट’. तो क्रँकशाफ्टच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो, तो ‘कालावधी’. आणि आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या लोबांच्या शिखरांमधील कोन, तो ‘लोब-अंतर’. शेवटच्या दोन राशींवरून ‘ओव्हरलॅप’ ठरतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचे अंश म्हणजे ओव्हरलॅप.

३. कालावधी का वाढवावा लागतो?

क्रँकशाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास ३० सहस्रांश सेकंद लागतात. २३० अंशांचा कालावधी असलेला व्हॉल्व्ह तेव्हा सुमारे १९ सहस्रांश सेकंद उघडा असतो. हाच वेग ५००० झाला, तर तेवढ्याच कोनासाठी जेमतेम ८ सहस्रांश सेकंद मिळतात. इतक्या अल्प वेळात सिलिंडर पूर्ण भरत नाही. म्हणून जलद फिरणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह लवकर उघडून उशिरा मिटवतात. वाहत्या मिश्रणाला स्वतःचे जडत्व असते. त्यामुळे पिस्टन वर येऊ लागला तरी काही काळ मिश्रण आत शिरत राहते. तीव्र कॅमशाफ्टचे सारे सामर्थ्य या जडत्वावर उभे आहे.

अडचण अशी, की कमी वेगावर हे जडत्व नसते. तेव्हा उशिरापर्यंत उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण परत बाहेर ढकलतो. हे नुकसान किती, हे पुढील तक्त्यावरून दिसेल. कनेक्टिंग रॉडची लांबी स्ट्रोकच्या १.८ पट आणि संपीडन गुणोत्तर ८ धरून ही गणना केली आहे. तिन्ही कॅमशाफ्ट उदाहरणादाखल घेतले आहेत.

तक्ता १

| घडण | कालावधी | ओव्हरलॅप | व्हॉल्व्ह मिटताना पिस्टन वर आलेला भाग | प्रत्यक्ष संपीडन गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| सौम्य | २३० अंश | १५ अंश | ११ टक्के | ७.२ |
| मध्यम | २५२ अंश | ३७ अंश | १७ टक्के | ६.८ |
| तीव्र | २८० अंश | ७० अंश | २३ टक्के | ६.४ |

तीव्र कॅमशाफ्टमध्ये स्ट्रोकचा जवळजवळ पाव हिस्सा वाया जातो. कागदावर ८ असलेले गुणोत्तर प्रत्यक्षात ६.४ वर येते. म्हणूनच शर्यतीच्या इंजिनात असा कॅमशाफ्ट बसवताना मूळ संपीडन गुणोत्तरही वाढवतात. केवळ कॅमशाफ्ट बदलून बाकीचे इंजिन तसेच ठेवणे, ही या व्यवहारातील सर्वांत मोठी चूक होय.

ओव्हरलॅपचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. इंजिन नुसते चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असले, की जळालेला वायू त्या निर्वाताकडे ओढला जातो आणि ताजे मिश्रण दूषित होते. काही फेऱ्यांत ज्वलन नीट होत नाही. हौशी मंडळींना प्रिय असणारी ती अडखळती घरघर म्हणजे वस्तुतः चुकलेल्या ज्वलनांचा आवाज असतो.

४. आपल्या रस्त्यांवर इंजिन कोणत्या वेगाने फिरते?

निवडीचा खरा आधार हा प्रश्न आहे. चाकाचा परीघ १.९ मीटर, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४, तिसऱ्या गिअरचे १.४ व दुसऱ्याचे २.२ असे मानू या. टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २१०० फेरे घेते आणि ८५ किलोमीटरला सुमारे ३०००. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला सुमारे १९५०, तर दुसऱ्यात ताशी २५ किलोमीटरला सुमारे १९०० फेरे होतात.

आता आपला रस्ता डोळ्यांपुढे आणावा. वडखळहून अलिबागकडे येणारी वाहतूक, अलिबाग-रेवदंडा मार्गावरील नारळी-पोफळीच्या वाड्यांमधील वळणे, कुंडलिका ओलांडून साळावहून काशीद-मुरूडकडे जाणारे चढ-उतार, या वाटांवर ताशी ८५ किलोमीटरचा वेग क्वचितच साधतो. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यावर मुंबईच्या मोटारी थेट किनाऱ्यावर उतरू लागल्या. अशा स्थितीत इंजिनाचे बहुतेक आयुष्य १४०० ते ३००० फेऱ्यांच्या दरम्यान जाते. तीव्र कॅमशाफ्ट ज्या ४५०० फेऱ्यांपुढे आपले गुण दाखवतो, तो प्रदेश येथे जवळजवळ येतच नाही.

टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले, की किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. समजा, कॅमशाफ्ट बदलल्याने ५००० फेऱ्यांवरील टॉर्क ७५ वरून ९० न्यूटन-मीटर झाला. शक्ती ३९ वरून ४७ किलोवॅटवर जाईल. कारागीर हाच आकडा सांगतो. परंतु २००० फेऱ्यांवर टॉर्क १०० वरून ८० वर आला, तर तेथील शक्ती २१ वरून १७ किलोवॅटवर घसरते. पहिला आकडा मालक वर्षातून दोनदा अनुभवतो, दुसरा प्रत्येक चढावर. मामांच्या गाडीची कार्ले खिंडीतील व्यथा ती हीच.

५. निवडताना विचारात घ्यावयाच्या अन्य बाबी

ब्रेक : ज्या गाडीत ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असतो, त्या गाडीत मॅनिफोल्डमधील निर्वात घटला की पेडल जड होते. रविवारच्या कोंडीत मंदगतीने, वारंवार ब्रेक दाबत जाताना ही उणीव धोकादायक ठरते.

प्रदूषण तपासणी : पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी इंजिन नुसते चालू ठेवून होते. मार्च २००० पूर्वीच्या चारचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. अधिक ओव्हरलॅपमुळे न जळालेले मिश्रण नेमके याच स्थितीत वाढते.

इंधन : २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलयुक्त इंधनामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ होते. त्यामुळे जेट बदलल्याखेरीज कोणत्याही कॅमशाफ्टचे मूल्यमापन योग्य ठरत नाही.

वंगण व झीज : जुन्या इंजिनातील सपाट टॅपेट लोबवर घासत जातात. त्यांचे रक्षण तेलातील जस्त-फॉस्फरसयुक्त घटक करतो; आधुनिक गाड्यांच्या तेलांत तो कमी केलेला असतो. नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिली वीस मिनिटे इंजिन २००० ते २५०० फेऱ्यांवर चालवावे, नुसते मंद चालू ठेवू नये. अन्यथा लोब आरंभीच झिजतात. तसेच लिफ्ट वाढवली असल्यास व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतील अंतर मातीचा गोळा ठेवून मोजून घ्यावे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदलांस मनाई करते. कॅमशाफ्टचा उल्लेख नोंदणीपत्रात नसतो, हे खरे. तथापि जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेले असावे लागते. १९८४ च्या कॉन्टेसाला ही पात्रता २०३४ मध्ये येईल. आज केलेला बदल तेव्हा अडसर ठरू नये, यासाठी मूळ भाग जपून ठेवणे शहाणपणाचे आहे.

६. निष्कर्ष

१) कॅमशाफ्टची निवड कमाल अश्वशक्तीवरून न करता, इंजिन नित्य ज्या वेगावर फिरते त्यावरून करावी.

२) किनारी भागातील वापरासाठी मूळ कॅमशाफ्ट अथवा फार तर २५० अंशांच्या आसपासचा मध्यम कॅमशाफ्ट उचित ठरतो. तीव्र कॅमशाफ्ट संपीडन, कार्बोरेटर, एक्झॉस्ट आणि गिअर गुणोत्तर बदलण्याची तयारी असेल तरच घ्यावा.

३) कॅमशाफ्टला हात लावण्यापूर्वी सिलिंडरचे कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हच्या बैठका, इग्निशन टायमिंग आणि कार्बोरेटर तपासावा. ‘कमी पडणारी’ शक्ती बहुधा तेथेच हरवलेली असते.

४) काढलेला मूळ कॅमशाफ्ट तेल लावून, गुंडाळून, नाव घालून ठेवावा. खाऱ्या हवेत उघडे लोखंड फार काळ टिकत नाही.

मामांच्या कारागिराने जुना कॅमशाफ्ट सुदैवाने मोडीत घातला नव्हता. तो पुन्हा बसवून व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटर नीट करून घेतल्यावर गाडी कार्ले खिंड दुसऱ्या गिअरमध्ये, न अडखळता, एस.टी.च्या मागे चढते. तिचा आवाज आता कोणाचे लक्ष वेधत नाही. मामांची त्याबद्दल तक्रार नाही.