औषधनिर्मात्याचे तास आणि कर्जाचा हप्ता : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एक विवेचन

शैक्षणिक कर्जाविषयीची आपली चर्चा बहुधा कर्ज मिळण्याच्या टप्प्यापाशीच थांबते. तारण किती, व्याजाचा दर काय, अर्ज कोणत्या बँकेकडे करावयाचा, एवढे ठरले की प्रश्न सुटला असे मानले जाते. कर्ज फिटावयाचे ते वेतनातून, आणि वेतन मिळावयाचे ते कामाच्या तासांतून. हे तासच कमी झाले म्हणजे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका लहान व्यवसायापुरता करावयाचा आहे. तो व्यवसाय औषधनिर्मात्याचा, म्हणजे बोलीत ज्याला आपण फार्मासिस्ट म्हणतो त्याचा. प्रदेश पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा घेतला आहे. येथे मांडलेली आकडेमोड उदाहरणादाखल आहे. ती पाहणीतून आलेली नाही.

हा प्रदेश निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. आळे, बेल्हे, कुरण आणि ओतूरजवळील डुंबरवाडी अशा जुन्नर तालुक्यातील चार ठिकाणी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या शेतकरी कुटुंबातील मुलामुलींना घरून जाऊन-येऊन हे शिक्षण घेता येते, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शिकून बाहेर पडणाऱ्यांना सामावून घेणारी दुकाने मात्र पुणे-नाशिक महामार्गाच्या आसपास, नारायणगाव, मंचर, आळेफाटा अशा बाजारपेठांत एकवटलेली आहेत. पश्चिमेकडे, भीमाशंकर-डिंभ्याच्या बाजूस किंवा जुन्नरच्या मावळ पट्ट्यात, जेथे महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे, तेथे औषधाची गरज आहे, पण दुकान चालेल एवढी खरेदी नाही. म्हणजे पदविका तालुक्यात पुष्कळ, काम मोजक्या गावांत, अशी ही रचना आहे. सरकारी वाट अरुंद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद असते, परंतु अशी पदे थोडी आणि त्यांची भरती वर्षानुवर्षांच्या अंतराने होणारी.

महाविद्यालयांची संख्या आवरण्याचा एक प्रयत्न झाला होता. भारतीय भेषजी परिषदेने, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने, २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांना पाच वर्षे मान्यता न देण्याचे ठरविले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्बंध अवैध ठरविला. असा निर्बंध कायद्यानेच घालता येईल, परिषदेच्या ठरावाने नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. निकाल अधिकाराविषयी होता. महाविद्यालये पुरेशी आहेत की अधिक झाली आहेत, या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३०-३१ च्या चोप्रा समितीने औषधांच्या व्यापारातील अनागोंदीकडे लक्ष वेधले. पुढे १९४० चा औषध अधिनियम, १९४५ चे नियम आणि १९४८ चा भेषजी अधिनियम असे तीन स्तंभ उभे राहिले. १९४५ च्या नियमांतील ६५ व्या नियमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावयाचे असते. दुकानाच्या पाटीवर ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ हे शब्द लिहिता येणे न येणे हेदेखील औषधनिर्माता नेमला आहे की नाही यावरच त्या नियमात अवलंबून ठेवले आहे. ही पाटी आपण रोज पाहतो. ती कायद्याची भाषा बोलते हे सहसा ध्यानात येत नाही.

या नियमाचा हिशेब केला तर काय निघते? दुकान सकाळी आठ ते रात्री दहा उघडे राहते असे मानू. ते चौदा तास झाले. आठ तासांचा एक औषधनिर्माता धरला तर अशा दुकानाला पावणेदोन माणसे लागतात. तेव्हा कायदा तंतोतंत पाळला गेला तर औषधनिर्मात्यांच्या तासांना मागणी वाढावयास हवी. प्रत्यक्षात तास घटतात, आणि त्याची कारणे दुकानाच्या अर्थकारणात आहेत.

पहिले कारण नफ्याच्या मर्यादेचे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी सोळा टक्क्यांचा वाव धरलेला आहे. त्यातून भाडे, वीज, शीतकपाट, मुदत संपलेला माल आणि पगार भागवावयाचे. भाडे व वीज विक्रेत्याच्या हाती नाहीत. पगाराचे तास मात्र त्याच्या हाती आहेत. दुसरे कारण गिऱ्हाइकांच्या वेळांचे. गावोगावच्या दवाखान्यांची तपासणी सकाळी व संध्याकाळी असते, म्हणून औषधांची खरेदीही त्याच दोन वेळी एकवटते. भर दुपारच्या तासांचे वेतन विक्रेत्याला जड वाटते. तिसरे कारण असे की पुष्कळ ठिकाणी मालक स्वतःच औषधनिर्माता असतो. त्याला दुसरा माणूस हवा असतो तो केवळ स्वतः नसेल तेव्हापुरता : जेवणाच्या वेळी दोन तास, रात्री तीन तास. हे सर्वस्वी कायदेशीर आहे, परंतु असे तुटक तास कामाला लागलेल्या तरुणाचा सबंध दिवस अडवितात. ओतूरहून नारायणगावला एस.टी.ने येणाऱ्याला मधल्या वेळात ना घरी जाता येते, ना दुसरी नोकरी धरता येते. पाच तासांच्या वेतनासाठी बारा तास द्यावे लागतात. याखेरीज एक बेकायदा प्रकार आहेच : प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसरीकडे. त्यात औषधनिर्मात्याचे तास नव्हे, नाव भाड्याने घेतले जाते. आणि नावाचे भाडे तासांच्या वेतनाहून फार कमी असते.

आता कर्जाची बाजू. भारतीय बँक संघाने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली व पुढे तीत वेळोवेळी सुधारणा केल्या. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. परंतु आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो. मात्र त्या काळात सरळव्याज चढत राहते, आणि ते भरले नाही तर मुद्दलात मिळविले जाते. दोन वर्षांच्या पदविकेसाठी दरवर्षी दीड लाख याप्रमाणे तीन लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले असे समजू. पहिल्या दीड लाखावर तीन वर्षांचे व दुसऱ्यावर दोन वर्षांचे असे एकूण पंचाहत्तर हजार रुपये व्याज होते. पहिला हप्ता येतो तेव्हा देणे ३,७५,००० झालेले असते. दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ४,९५६ रुपये येतो.

पूर्ण आठ तासांचे वेतन महिना १२,००० मानले तर हप्ता वेतनाच्या एकेचाळीस टक्के होतो. कठीण, पण घरी राहणाऱ्याला निभावता येण्याजोगा. तेच काम पाच तासांवर आले व वेतन त्याच प्रमाणात ७,५०० झाले, की हप्ता सहासष्ट टक्क्यांवर जातो. मुदत पंधरा वर्षांची करून घेतली तर तो सुमारे ४,०३० रुपयांवर उतरतो, तरीही वेतनाच्या निम्म्याहून अधिकच राहतो. आणि एकूण परतफेड सुमारे एक लाख तीस हजारांनी वाढते. तास तीन अष्टमांशाने घटले, हप्ता मात्र जागचा हालला नाही : सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

या अडचणीची जाणीव योजना करणाऱ्यांना नव्हती असे मात्र नाही. बँक संघाच्या सुधारित योजनेत बेकारीच्या तसेच अपुऱ्या रोजगाराच्या काळात, कर्जाच्या एकंदर मुदतीत दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सहा महिन्यांपर्यंत, हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा बँकांना दिलेली आहे. आरंभी लहान व पुढे वाढत जाणारे हप्ते ठरविण्याचीही सोय आहे. ‘अपुरा रोजगार’ हे शब्द तेथे आहेत, हे विशेष. परंतु रोजगार अपुरा आहे हे बँकेला दाखवावयाचे कशाने? दुकानाच्या परवान्यासाठी औषधनिर्मात्याची नेमणूक व संमती यांचे कागद दिलेले असतात, आणि त्या कागदांवर तो त्या दुकानाचा पूर्णवेळ माणूस असतो. प्रत्यक्षात पाच तास, कागदावर पूर्ण दिवस. जो कागद दुकानाला परवाना मिळवून देतो, तोच कर्जदाराला सवलतीपासून दूर ठेवतो.

गंमत अशी की हाच कागद वेतनाच्या कायद्यात त्याच्या बाजूने उभा राहू शकतो. पूर्ण दिवसासाठी नेमलेल्या कामगाराला मालकाने काम न दिल्यामुळे कमी तास काम झाले, तर किमान वेतन पूर्ण दिवसाचेच द्यावे, अशी तरतूद १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या १५ व्या कलमात होती. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही, दैनिक दराने किमान वेतन ठरलेल्यांसाठी, ती १० व्या कलमात आहे. मुळातच थोड्या तासांचा करार असेल तर गोष्ट वेगळी. पण तसा करार असेल तर उरलेल्या तासांत दुकानावर देखरेख कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून हक्क मागणाऱ्या तरुणापुढे मोठा पेच असतो. ‘मी पाचच तास असतो’ असे लिहून देणे म्हणजे, मालक स्वतः औषधनिर्माता नसेल तर, उरलेल्या नऊ तासांत आपल्या नावावर दुकान चालले असे कबूल करणे होय. नोंदवहीतून नाव कमी करण्याचा अधिकार भेषजी अधिनियमाने राज्य परिषदेला दिलेला आहे, आणि नाव गेले की पदविकाही व्यवसायापुरती गेलीच. तक्रारी फारशा का होत नसाव्यात याचे एक कारण येथे असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या तालुक्यांतील घरांना कर्ज नवीन नाही. विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज पिढ्यान् पिढ्या घेतले व फेडले गेले आहे. त्या कर्जाचे वेळापत्रक हंगामाशी बांधलेले असते, आणि हंगाम बुडाला तर ते सांगण्याची रीतही ठरलेली आहे. महसूल खाते गावाची पैसेवारी काढते; ती पन्नास पैशांच्या आत आली की वसुलीच्या सवलतींचा मार्ग खुला होतो. शेतकऱ्याला स्वतःची नापिकी एकट्याने सिद्ध करावी लागत नाही, गावाची पैसेवारी त्याच्या वतीने बोलते. तासांच्या नापिकीला अशी पैसेवारी नाही. ती एकेका दुकानात, एकेका माणसाच्या वाट्याला, कोणी न मोजता येते. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून उच्च शिक्षणाच्या देण्याची परतफेड उत्पन्नाशी जोडली. उत्पन्न ठराविक रकमेच्या खाली असेल तर वसुली थांबते, आणि ही मोजणी प्राप्तिकर खाते करते. आपल्याकडे मंचरच्या दुकानातील रोखीचे वेतन प्राप्तिकराच्या दृष्टीस पडत नाही, तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही हे उघड आहे.

बापाचे पीककर्ज आणि मुलाचे शैक्षणिक कर्ज यांची गाठ शेवटी एकाच ठिकाणी पडते. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, व सहकर्जदार या नात्याने वडिलांच्या पतनोंदीतही ते उमटते. पुढच्या हंगामात बियाणे-खतांसाठी बँकेकडे गेलेल्या वडिलांना मुलाचे तास घटल्याचे प्रथम तेथेच कळावे, असेही घडू शकते. स्थगितीचा अर्ज या नव्वद दिवसांच्या आत, शक्य तर पहिला हप्ता चुकण्यापूर्वी, लेखी केला पाहिजे. सोबत बँकेच्या खात्यात जमा झालेल्या वेतनाचा उतारा जोडता आला तर तो मालकाच्या दाखल्याहून अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात तासांचा उल्लेख नसतो, केवळ आलेली रक्कम असते. वेतन रोखीने न घेता खात्यात घेण्याचा आग्रह पहिल्या महिन्यापासूनच धरला, तरच असा उतारा पुढे हाती राहतो.