पथ्य आपले, श्रेय गोळीचे

भूक मारून वजन उतरविणाऱ्या ‘वनस्पतिजन्य’ गोळ्यांचा व्यापार सध्या तेजीत आहे. दिवसाचे सात-आठ तास खुर्चीला खिळलेल्या कारकुनाला, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालेल्या शिक्षकाला किंवा परीक्षेच्या दिवसांत अंगाने सुटलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा मोह पडावा, यात नवल नाही. मनावर ताबा ठेवावयास नको, घाम गाळावयास नको, आणि वनस्पतीचा अर्क असल्याने अपायाचीही धास्ती नको, असे हे तिहेरी आश्वासन आहे. ते कितपत खरे आहे, हे पगारातील हजार-पाचशे रुपये मोजण्यापूर्वी पाहावयास हवे.

त्यासाठी या गोळ्यांतील एका प्रसिद्ध घटकाचे उदाहरण घेऊ. केरळात माशाच्या कालवणात आंबटपणासाठी कुडमपुळी नावाच्या फळाची वाळलेली साल घालतात. हे फळ म्हणजे आपल्या कोकमाचा जवळचा भाऊबंद. शास्त्रज्ञ त्याला गार्सिनिया कॅम्बोजिया म्हणतात. त्यातील प्रमुख आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे, हे लुईस आणि नीलकंठन या शास्त्रज्ञांनी 1965 साली दाखवून दिले. शरीरात साखरेपासून चरबी तयार होताना जे एक विकर लागते, त्याच्या कामात हे आम्ल अडथळा आणते. 1970च्या दशकात उंदरांना ते दिले असता त्यांचे खाणे कमी झाले, असेही आढळले. एवढ्या आधारावर पुढे या फळाच्या अर्काची जगभर बाजारपेठ उभी राहिली. परंतु उंदराची भूक आणि माणसाचे वजन यांत बरेच अंतर असते.

हे अंतर मोजण्याचा एक चोख प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये झाला. त्याचा वृत्तांत अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 1998 साली प्रसिद्ध झाला आहे. वजन वाढलेल्या 135 व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला रोज 1500 मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी परंतु औषधी द्रव्य नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला कोणती गोळी मिळाली, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. दोन्ही गटांचा आहार मात्र सारखाच, बेताचा आणि चोथायुक्त ठेवला होता. बारा आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी 3.2 किलो घटले, आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचे 4.1 किलो! हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो, म्हणून अर्काने नुकसान केले असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याने फायदा केला असेही म्हणता येत नाही. अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2011 साली घेण्यात आला, तेव्हा अर्काच्या बाजूने सरासरी जेमतेम 0.88 किलोचा फरक निघाला. अधिक काटेकोर चाचण्यांपुरते पाहिले, तर तोही टिकत नाही.

या आकड्यांतील खरा बोध निराळाच आहे. वजन घटले ते दोन्ही गटांचे, आणि ते आहाराच्या नियमनामुळे. ‘संतुलित आहार व नियमित व्यायाम यांसोबत घ्यावे’ अशी जी सूचना गोळ्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत असते, तिचे मर्म येथे उमगते. ग्राहक पैसे खर्चिले म्हणून ईर्ष्येने पथ्य पाळतो, संध्याकाळी चालावयास जातो, चार किलो उतरतो, आणि शेजाऱ्याला गोळीचे नाव सांगतो. पथ्य आपले, श्रेय गोळीचे. आणि वजन घटले नाही, तर दोष पुन्हा आपल्याच पथ्याचा! अशा रीतीने गोळी कधीच हरत नाही.

निदान अपाय तरी होत नाही, हे समाधानही पोकळ आहे. आमटीतील दोन आमसुले आणि रोज गिळावयाचा घट्ट अर्क या एकच गोष्टी नव्हेत. गार्सिनियायुक्त गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 22 रुग्णांची नोंद अमेरिकेतील संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेकांच्या गोळ्यांत ग्रीन टीचाही अर्क होता, परंतु काहींनी केवळ गार्सिनियाच घेतला होता. असे प्रकार विरळा असतात हे खरे. परंतु लाभ सिद्ध नसताना विरळा धोका तरी का पत्करावा? एफेड्रा हीसुद्धा वनस्पतीच होती. भूक मारण्यासाठी ती सर्रास विकली जाई, परंतु हृदयावरील परिणामांमुळे अमेरिकेला 2004 साली तिच्या पूरकांवर बंदी घालावी लागली.

याहून गंभीर गोष्ट भेसळीची. सिब्युट्रामिन हे भूक मंदावणारे रासायनिक औषध हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढविते, म्हणून 2010 साली पाश्चात्त्य देशांतून ते मागे घेण्यात आले आणि 2011 साली भारतातही त्यावर बंदी आली. तेच औषध ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत दडविलेले अमेरिकी तपासणीत वारंवार सापडले आहे. म्हणजे एखादी ‘वनस्पतिजन्य’ गोळी चमत्कार वाटावा इतकी भूक मारू लागली, तर हर्ष होण्याऐवजी शंका यावयास हवी.

मग कायदा काय करतो? औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954च्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. लठ्ठपणावर औषध म्हणून जाहिरात करण्यास मनाई आहे. परंतु तोच माल ‘अन्नपूरक’ म्हणून बाजारात आणला, की ‘औषधी वापरासाठी नाही’ असे वेष्टनावर छापून वजनासंबंधीची सूचक भाषा करता येते. नव्या औषधाला विक्रीपूर्वी जी परिणामाची कसोटी द्यावी लागते, ती येथे टळते. वनस्पतीच्या नावावर ही सवलत का द्यावी, हा प्रश्न शासनाला विचारलाच पाहिजे.

तोवर ग्राहकाने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. पोकळ गोळीशी तुलना करून हिची चाचणी झाली आहे काय? त्यात भूक कमी ‘वाटली’, की वजन खरोखर घटले? आणि यकृत, रक्तदाब, चालू औषधे यांवर हिचा परिणाम कोणी तपासला आहे काय? उत्तरे समाधानकारक नसतील, तर बाटली फळीवर राहू द्यावी. वजन विनाकारण वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडसारखे कारण त्यामागे असू शकते. एरवी ताटातील घास आणि पायाखालची वाट या दोन गोष्टी आपल्या हाती आहेतच. त्या न्यूयॉर्कच्या चाचणीत पोकळ गोळी घेणाऱ्यांचे वजन चार किलोंनी उतरले, ते ताटामुळेच.