ठसे, ठोसे आणि चौथी सीट

बदलापूर लोकल सुटताना जो हिसका बसतो, त्याचं चित्र 1843 सालीच काढून झालंय. पॅरिसमध्ये! चित्रकार ऑनोरे दोमिए, पत्र 'ल शारिवारी'. उघड्या डब्यात कोंबलेली माणसं, गाडी हलते आणि सगळे धाडकन मागे. एकाला वाटतं, मेलो! दुसरा समजावतो, अहो, इंजिन पुढे गेलं की माणसं मागे जायचीच.

चित्राच्या नावातच कोटी आहे. फ्रेंचमध्ये 'इंप्रेशन' म्हणजे मनावरचा ठसा आणि छपाईसुद्धा. त्याला दोमिएने जोडलं 'कॉम्प्रेशन', म्हणजे चेंगराचेंगरी. मराठीत 'प्रवासातले ठसे आणि ठोसे' म्हणायला हरकत नाही.

'मेलो' उगाच नव्हतं हं. आदल्याच वर्षी, 8 मे 1842 ला, व्हर्सायहून पॅरिसला येणारी गाडी घसरून पेटली. डब्यांना बाहेरून कुलपं. पन्नासहून जास्त माणसं गेली.

दोमिएची ही चित्रं शिळाप्रेसवर छापलेली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाईला हुसकावतो, रेघा तेवढ्या धरून ठेवतात. (शिळा दगडाची, विनोद ताजा.) दोमिएने असे जवळपास चार हजार दगड रंगवले. 1831 मध्ये राजा लुई फिलिपला टोपल्यांनी पैसे गिळणारा राक्षस दाखवलं आणि सहा महिन्यांची कैद ओढवून घेतली. 1835 च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवरच बंधन आलं, तेव्हा स्वारी वकील, घरमालक आणि रेल्वेकडे वळली.

गंमत म्हणजे त्याच 1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापत होते. सोवळ्यातल्या गिऱ्हाइकांना चरबीची शाई चालेना, म्हणून शाईत तूप! तिकडच्या दगडाने राजा पकडला, इकडच्याने मुहूर्त.

आपल्याकडे कल्याणच्या पुढे, बदलापूरच्या दिशेने, रूळ 1856 मध्ये सरकले. बरोब्बर शंभर वर्षांनी, 1956 ला, फ्रान्सने तिसरा वर्ग बंद केला. आपण 1974 ला. पाटी गेली. बाकडं मात्र तिघांचं आणि बसणारे चार. चौथ्याची अर्धी मांडी हवेत, पिशवी पोटाशी, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला. त्यात मुंबईला निघालेली अंबरनाथची मंडळी उलट्या दिशेच्या डाऊन गाडीने आधीच खिडक्या धरून आलेली असतात, म्हणून बदलापूरकर फलाटावरूनच तावातावाने चढतो. तेवढ्यात गाडी हलते.

"अहो काका, अंगावर काय पडताय?"

"मी कुठे पडतोय? गाडी सुटली!"