स्थलांतरित मजुरांची मुले आणि अर्धवट लसीकरण

दाहोद-झाबुआकडील आदिवासी मजूर बडोद्यास बांधकामावर येतात आणि पेरणीला, होळीला गावी परततात. सहावा, दहावा, चौदावा आठवडा, नववा महिना या लसींच्या तारखा त्या येण्याजाण्यात निसटतात. ममता कार्ड गावी राहते. मुदत गेली, असे समजून पालक संकोचतात. वस्तुतः राहिलेला डोस उशिरा देता येतो. मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. किरकोळ सर्दी हेही लस टाळण्याचे कारण नव्हे. गोवर मात्र कुपोषित बालकाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून तापासाठी आलेल्या प्रत्येक मुलाच्या लसींची चौकशी मी करतोच. फॅमिली डॉक्टरांनीही ती करावी, नोंद लिहून पालकांच्या हाती द्यावी आणि मोफत लसीचे जवळचे सरकारी केंद्र सांगावे. पुढच्या गावी ती नोंदच त्या बालकाची सोबत करील.