जुन्या मोटारीच्या पुढील चाकांचा कल

भिवंडी तालुक्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं आज एखादी जुनी मोटार उभी असते. भाजी बाजारांत नेणें, खत-बियाणें आणणें, अपरात्रीं आजाऱ्यास दवाखान्यांत पोंचविणें, हीं सारीं कामें ती करते. परंतु भिवंडी-वाडा रस्त्यावरील खड्डे पावसाच्या पाण्यानें भरले कीं त्यांची खोली दिसत नाहीं, आणि एका खड्ड्याचा तडाखा पुढील चाकाचा कल बिघडविण्यास पुरतो. मग टायर एका अंगानें झिजतो. मालक नवा टायर घेऊन मोकळा होतो, व दोष जागच्या जागीं राहतो. तो शोधण्याची रीत येथें देत आहों.

मोटारीसमोर उभें राहून पाहिलें असतां चाक ओळंब्यांत उभें आहे कीं एका अंगास झुकलें आहे, यास कारागीर कँबर म्हणतात. आपण त्यास कल म्हणूं. चाकाचा माथा बाहेर झुकल्यास तो धन कल, आंत झुकल्यास ऋण कल. केवळ मागील चाकांनीं ओढणाऱ्या ट्रॅक्टरचीं पुढील चाकें पाहावीं. पुष्कळांत त्यांचे माथे किंचित् बाहेर कललेले दिसतात. तो दोष नव्हे, योजना आहे. मोटारीचा कल किती असावा हें तिच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. त्याहून तो ढळला, किंवा दोन चाकांत फरक पडला, म्हणजे त्रास सुरू होतो. ज्या बाजूचा धन कल अधिक, त्या बाजूस मोटार ओढते.

प्रथम टायर पाहावा. दोन्ही कडा झिजल्या असल्यास हवा कमी राहिली. मध्यभाग झिजल्यास ती अधिक झाली. एकच कड गुळगुळीत झिजली असेल तर कलाचा संशय घ्यावा. टायरवरून आडवा हात फिरवितां एका दिशेनें मऊ व उलट दिशेनें करवतीप्रमाणें बोचत असेल, तर दोष बहुधा टोचा, म्हणजे दोन चाकांच्या पुढच्या व मागच्या अंतरांतील फरकाचा असतो. मोटार ओढत असल्यास पुढील दोन चाकें परस्परांत बदलावीं. ओढ दुसऱ्या बाजूस गेली तर टायरच सदोष समजावा. रस्त्याचा उतार डाव्या कडेस असल्यानें मोटार किंचित् डावीकडे जाते. तो रोग नव्हे.

आतां मोजमाप. सिमेंटची जागा निवडून ती पाणसळीनें तपासावी. मोटारींतील ओझें काढावें, हवा बरोबर करावी, स्टिअरिंग सरळ ठेवावें. मडगार्डापासून ओळंबा सोडावा. दोरी टायरला लागूं देऊं नये. दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या काठाचें अंतर मोजावें. वरचें अंतर अधिक असल्यास माथा आंत झुकला आहे. रिम वाकडी असल्यास माप फसवितें, म्हणून चाक अर्धा फेरा फिरेल इतकी मोटार ढकलून पुन्हां मोजावें व दोहोंची सरासरी घ्यावी. दोन काठांमधील उभ्या अंतराचा ५७ वा भाग म्हणजे सुमारें १ अंश. तें अंतर ३४० मिलिमीटर भरल्यास ६ मिलिमीटरांचा फरक १ अंश दाखवितो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरच्या मोटारीचा डावा टायर आंतून झिजूं लागला. एका कारखान्यांत दोनदां अलाइनमेंट करविलें. दोन्ही वेळां टो बरोबर आला, पण टायर झिजतच राहिला. शेवटीं ओळंबा लावला, तेव्हां डाव्या चाकाचा माथा उजव्याहून ८ मिलिमीटर अधिक आंत आढळला. स्ट्रट वाकला होता.

१९८३ सालच्या डिसेंबरांत आलेली व २०१४ च्या आरंभापर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० आपल्याकडे अद्याप दिसते. तिच्यांत टो बदलतां येतो, पण कल बदलण्याची सोय मुळांतच नाहीं. अशा मोटारींत कल ढळला म्हणजे कांहींतरी झिजलें किंवा वाकलें, हें निश्चित. चाक जॅकवर उचलून खालीं भक्कम टेकू द्यावा व चाक वर-खालीं धरून हलवावें. खुळखुळ आढळल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें: ती थांबली तर बेअरिंग सैल, न थांबली तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रट पाहावा. लोअर आर्मचे रबरी बुशहि तपासावे. ढिलेपणानें कल थोडाच बदलतो. मोठा फरक बहुधा वाकलेल्या भागाचा असतो. बसलेली स्प्रिंगहि कल बिघडविते, म्हणून दोन्ही बाजूंची उंची ताडून पाहावी. पुढें सलग आस असलेल्या जुन्या जीपमध्यें किंगपिनाचीं बेअरिंगें व आस पाहावी.

वाकलेला भाग तापवून सरळ करूं देऊं नये. पोलाद दुबळें होतें. खुळखुळणारा बॉल जॉइंट असतां मोटार रस्त्यावर नेऊंच नये, कारण तो निसटला तर चाक आडवें होतें आणि आंत आपलींच माणसें असतात. भाग बदलल्यावर शेवटीं टो बसवावा. आधीं बसविल्यास तो पुन्हां बिघडतो.

रोग मुळाशीं असतां पानें खुडून उपयोग नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मृगाच्या आधीं एकदां व भात झोडून झाल्यावर एकदां ओळंबा लावावा, आणि मापें वहींत टिपून ठेवावीं.