पिकाचू : इवलासा देह, विजेचा प्रहार

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या निरनिराळ्या व्हिडिओ गेममधील नायकांना एकाच आखाड्यात उतरविणारा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हा खेळ २१ जानेवारी १९९९ रोजी जपानमध्ये 'निन्टेन्डो ६४' या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या या खेळात बारा लढवय्ये होते. धिप्पाड डाँकी काँग आणि तलवारधारी लिंक यांच्या पंक्तीत 'पोकेमॉन'मधील पिकाचूही होता. अधिकृत माहितीनुसार अवघी ४० सेंटिमीटर उंची आणि सहा किलो वजन असलेला हा पिवळा, उंदरासारखा प्राणी २०१८ मधील 'अल्टिमेट'पर्यंत या मालिकेच्या प्रत्येक आवृत्तीत टिकून राहिला. दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे भारतातील मुलांनाही तो परिचित आहे. एवढासा जीव बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांपुढे निभाव कसा धरतो, हा प्रश्न म्हणूनच कुतूहलाचा ठरतो.

त्याचे उत्तर या खेळाच्या नियमांत दडलेले आहे. इतर बहुतेक लढतींच्या खेळांत फटका बसला की खेळाडूची शक्ती घटते आणि ती संपली की पराभव होतो. येथे उलट आहे. प्रत्येक फटक्यागणिक इजेची टक्केवारी वाढते आणि ती जितकी अधिक, तितका पुढच्या फटक्याने खेळाडू दूर भिरकावला जातो. मंचाच्या सीमेबाहेर गेला की तो बाद. साहजिकच हलक्या पात्राला धोका अधिक. पिकाचू हलका आहे आणि त्याचे हातपायही आखूड आहेत. तलवार घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर झुंजणे त्याला परवडत नाही.

ही उणीव तो वेगाने आणि विजेने भरून काढतो. 'थंडर जोल्ट' हा त्याचा दुरून करावयाचा मारा. त्यातून निघालेला विजेचा गोळा जमिनीवरून उसळ्या घेत पुढे सरकतो. त्याने फारशी इजा होत नाही. परंतु प्रतिस्पर्ध्याला उडी मारणे किंवा बचाव करणे भाग पडते आणि तेवढ्या अवधीत पिकाचू जवळ येतो. अर्थात फॉक्ससारखा लढवय्या हा गोळा परतवू शकतो, तर नेस तो शोषून घेऊन आपली इजा कमी करतो.

'थंडर' या डावात पिकाचूच्या डोक्यावर ढग प्रकट होतो आणि त्यातून वीज सरळ खाली कोसळते. वर हवेत असलेला प्रतिस्पर्धी तिच्या तडाख्यात सापडतो. वीज पिकाचूपर्यंत पोहोचली की त्याच्याभोवती स्फोट होतो आणि जवळ असलेल्यालाही धक्का बसतो. मात्र नेम चुकला तर सावरायला वेळ लागतो आणि तोच क्षण शत्रूच्या पथ्यावर पडतो.

त्याचे सर्वांत उपयुक्त अस्त्र म्हणजे 'क्विक अटॅक'. यात पिकाचू एका दिशेने क्षणार्धात झेपावतो आणि लगेच दुसऱ्या दिशेने पुन्हा झेप घेऊ शकतो. मंचाबाहेर फेकला गेल्यावर परतण्यासाठी हाच त्याचा आधार. दिशा बदलण्याची मुभा असल्याने तो कोठे उतरेल, याचा अंदाज बांधणे अवघड जाते. या खात्रीच्या जोरावरच तो मंचाबाहेर जाऊन शत्रूची परतीची वाट रोखण्याचे धाडस करतो. पण दिशा चुकली, तर तो असहाय होऊन खाली कोसळतो. डोके पुढे करून आडवी मुसंडी मारणारा 'स्कल बॅश' हा डाव २००१ मधील 'मेली'पासून, तर स्वतःच विजेचा गोळा बनणारा 'व्होल्ट टॅकल' हा अंतिम प्रहार २००८ मधील 'ब्रॉल'पासून त्याच्या भात्यात आला.

मूळ पोकेमॉन खेळात 'जमीन' प्रकारातील प्राण्यांवर विजेचा परिणाम होत नाही. येथे असा अपवाद नाही. पिकाचूची वीज मारिओपासून डाँकी काँगपर्यंत सर्वांना सारखीच झोंबते. त्यामुळे निकाल प्राण्याच्या प्रकारावर नव्हे, तर खेळणाऱ्याच्या अचूकतेवर ठरतो.

स्पर्धांमध्येही याचा प्रत्यय आला आहे. पहिल्या आवृत्तीत जाणकार पिकाचूला अग्रस्थानी मानतात. 'मेली'मध्ये त्याचे स्थान तेवढे वरचे नव्हते. तरीही पिकाचूचा खेळाडू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 'अॅक्स'ने २०१९ मध्ये 'स्मॅश समिट ८' ही अमेरिकेतील प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली.

थोडक्यात, पिकाचूची प्रत्येक शक्ती काही ना काही मोल मागते. वेग हवा तर दिशेचे भान हवे, वीज हवी तर वेळेचे. ताकदवान पात्र हाती असेल तर एखादी चूक खपून जाते. पिकाचू निवडणाऱ्याला ती सवलत नाही. त्याच्याकडून मिळालेला विजय जाणकारांना अधिक मोलाचा वाटतो, तो यामुळेच.