परभणीच्या उन्हात दोनशे मेगापिक्सेल

महागड्या फोनची परीक्षा दुकानाच्या एसीत होत नाही. सॅमसंगच्या 2023 मधल्या एस23 अल्ट्राचा मुख्य कॅमेरा 200 मेगापिक्सेलचा; पण नेहमीच्या फोटोसाठी तो शेजारशेजारचे 16 पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचंच चित्र देतो. ही फसवणूक नव्हे. पिक्सेल जितका बारीक, तितका त्याच्या वाट्याला प्रकाश कमी. एकत्र आले की अंधारातला फोटो कमी रवाळ येतो.

खरी कसोटी भर दुपारी, वेचणीला आलेल्या कापसापाशी. बोंडातले धागे सुटे दिसले आणि खालच्या काळ्या मातीतली ढेकळंही कळली, तर कॅमेरा चांगला. नुसता पांढरा गोळा आला, तर मेगापिक्सेल काय चाटायचे?

राहिला उन्हाळा. मे महिन्यात परभणीचा पारा 42 अंश सहज ओलांडतो. ॲपल मात्र आयफोन 35 अंशांपर्यंतच्याच हवेत वापरा म्हणतं. चिप तापली की फोन स्वतःच वेग उतरवतो, स्क्रीन मंदावते, चार्जिंगही थांबू शकतं. त्यामुळे जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यांवर जाऊ नका. ओळखीतल्या कुणाचा तोच फोन घेऊन उन्हात दहा मिनिटं व्हिडिओ काढून बघा. आणि तापलेला फोन फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका, आत पाणी धरतं.